हात मोतियावर

१३ जानेवारी, सोमवार

डायरीच्या पहिल्या पानावर नाव लिहायची जागा आहे म्हणून लिहितो. धोंडप्पा, वय एकसष्ट, बसवकल्याणच्या बाजारात अडतीस वर्षं साड्या दाखवतो. आमचे मालक शिवशरणप्पा दर वर्षी सगळ्यांना एकेक डायरी देतात आणि दर वर्षी माझी कोरीच राहते. यंदा लिहायचं कारण माझी मुलगी शिवकन्या. चार वर्षं ती हैदराबादला व्हिडिओ गेमच्या कंपनीत होती. आता नोकरी सोडून परत आलीय आणि बस स्टँडजवळ त्याच कंपनीच्या गेमचं दुकान काढतेय. बीदर आणि कलबुर्गी, दोन्ही जिल्ह्यांची एजन्सी तिला मिळायची आहे. म्हणाली, "अप्पा, रोज कोन्त्या रंगाला किती बायांनी हात लावला तेवढं लिवून ठिवा. मला लई कामाचं हाय." इंजिनियर पोरीला साडीवाल्या बापाची गरज पडली, मग मी कशाला मागं हटतोय!

उद्या संक्रांत. वर्षातला हा एकच सण, बायका आपणहून काळं मागतात. आज सोळा काळ्या, चार जांभळ्या, तीन हिरव्या. एकीनं काळी चंद्रकळा बांधून घेतली, दारात जाऊन उन्हात बघितली आणि परत आली. "काका, ही निळी हाय की हो." मालकांनी दिवाळीत नवे एलईडी दिवे लावलेत, त्यांच्या उजेडात काळं-निळं सगळं एकच दिसतं. मी मालकांना तसं सांगितलं. ते नुसतं "बरं बरं" म्हणाले.

१९ जानेवारी, रविवार

शिवकन्येनं कॉलेजच्या दोनशे पोरांना फोनवरून विचारलं, टीव्हीला जोडायच्या गेमची पेटी कोणत्या रंगाची पाहिजे. निम्म्यांनी तांबडा सांगितला, बाकीच्यांनी हिरवा. ती खूश. मी हसलो. म्हटलं, "पोरी, तोंडाला कामून इचारायलीस? हाताला इचार." गिऱ्हाईक दुकानात शिरताना तोंडानं अंजिरी मागतं. पन्नास साड्या उलगडल्या की बोलता बोलता हात मात्र डाळिंबीवरून फिरत असतो. मी तोंडाकडे लक्षच देत नाही. हात तिसऱ्यांदा ज्या साडीवर गेला ती घडी घालून बाजूला ठेवतो, आणि जाताना बाई तीच घेऊन जाते. अडतीस वर्षांत हे फार तर दहा वेळा चुकलं असेल.

शिवकन्येनं हे आपल्या वहीत लिहून घेतलं. 'तोंड नको, हात बघ.' माझं वाक्य कुणी लिहून घेतल्याचं हे पहिल्यांदाच.

१ फेब्रुवारी, शनिवार

बायकोशी, गुरुबाईशी, वाजलं. अलीकडं ती धोतराला नीळ घालायला विसरते. गेलं वर्षभर माझी धोतरं पिवळट पडलीत, भातसुद्धा हळद पडल्यासारखा दिसतो. म्हटलं, नीळ काय परदेशातून आणायची आहे का? ती रागानं निळीची बाटली घेऊन मोरीत गेली.

आज धोतर कसं पांढरं स्वच्छ झालंय. दुकानाच्या ओट्यावर फॉल-पिकोचं मशीन घेऊन बसणारा खाजामियाँ मला बघून हसत सुटला. "क्या चाचा, आज आसमान लपेट के आए?" खाजाला सकाळी सकाळी काय चढतं कुणास ठाऊक.

९ फेब्रुवारी, रविवार

कंपनीकडून नमुन्याचे पाच नग आले. टीव्हीखाली ठेवायची चपटी पेटी आणि हातात धरून खेळायचे दोन दांडके. शिवकन्या म्हणाली, पाच रंग आहेत: काळा, पांढरा, निळा, तांबडा आणि मोतिया, म्हणजे मोत्यासारखा जरा पिवळसर पांढरा. मी बघितलं तर दोन काळे, एक तांबडा, एक मोतिया आणि एक हळद फासल्यासारखा पिवळा. पांढऱ्याचा पत्ता नाही, निळ्याचा पत्ता नाही.

"फोन लाव कंपनीला. निळ्याच्या जागी काळा कामून पाठवलाव म्हणून इचार."

शिवकन्येनं फोन लावला नाही. एकेक नग उचलून विचारत राहिली, "अप्पा, हे कोन्तं? आन् हे?" मी न चुकता सगळ्यांची नावं सांगितली. पोरगी धंदा शिकायलीय हे बघून बरं वाटलं. नंतर ती बराच वेळ आईजवळ स्वयंपाकघरात बसली आणि जेवताना तिला घास गेला नाही. कंपनीनं असा चुकीचा माल पाठवल्यावर कुणाला जेवण जाईल?

वर शिवकन्या म्हणते, "उमरग्याला डोळं दावायला जायचंय मला, तुमी बी चला, संगं दावून टाका." माझ्या डोळ्यांना काय झालंय? दोन वर्षांपूर्वीच चष्मा बदललाय.

आता खरी काळजीची गोष्ट. कंपनी पहिल्या खेपेला दीडशे नग देणार. रंग आपण सांगायचे, आलेला माल परत घेणार नाही. एप्रिलअखेर बसव जयंती, तोपर्यंत शंभर नग गेले नाहीत तर एजन्सी कलबुर्गीच्या एका व्यापाऱ्याला जाणार. म्हणजे पोरीची सोडलेली नोकरीही गेली आणि धंदाही गेला. कंपनीचा माणूस फोनवर सांगतो, सगळा काळाच घ्या, सगळीकडे काळाच चालतो. मला पटत नाही. माणूस हौसेची वस्तू घरात आणतो ती चार माणसांना दिसावी म्हणून. काळी पेटी टीव्हीखाली ठेवली तर आहे की नाही तेही कळणार नाही. आणि पोराला गेम पाहिजे असला तरी दिवाणखान्यात काय ठेवायचं ते आई ठरवते. शिवकन्या म्हणाली, "अप्पा, रंग तुमीच ठरवा."

१६ फेब्रुवारी, रविवार

मालकांना विचारून पाचही नग माझ्या गादीच्या कडेला मांडले. साड्या बघून बायका कंटाळल्या की हात आपोआप तिकडे जायचा. मी मान वर न करता मोजत होतो. चोवीस बायका. मोतियाला पंधरा, तांबड्याला पाच, दोन्ही काळ्यांना मिळून चार. पिवळ्याला एकही नाही. मोतियावर हात ठेवून एक जण म्हणाली, "किती पांढरं सोच्छ हाय गं." बायकांना रंगांची नावं येत नाहीत, पण हात बरोबर जातो.

मालकांनी चन्नम्माला माझ्या गादीशेजारी बसवलंय. वीस वर्षं मागच्या खोलीत घड्या घालायची, आता माझ्या शेजारी बसून मोठ्यानं म्हणते, "अण्णा, ती हिरवी दावा, ही निळी नको." मला काय दिसत नाही? चीड आली होती, गिळली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मोतिया ठरत आला तरी मनाचा हिय्या होत नव्हता. शेवटी मोतिया नग घेऊन खाजासमोर उकिडवा बसलो. वीस वर्षं हजार रंगांचे दोरे जुळवणारा माणूस. म्हटलं, "खाजा, नीट बघ आन् खरं सांग." खाजानं मशीन थांबवलं. नगाकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. माझ्याच तोंडाकडे टक लावली, मान इकडून तिकडून वाकवली आणि म्हणाला, "मोतिया है चाचा. पक्का मोतिया. मेरी अम्मी को भी ऐसाइच था. देर नक्को करो, निकाल डालो. पडा रहा तो पक जाता."

नगाकडे न बघता रंग सांगितला! त्याच्या अम्मीला म्हणे मोतियाच आवडायचा. पडून राहिला तर पिकतो हेही खरं, मोतिया कापड गोदामात राहिलं की पिवळं पडतं. म्हणजे माल आला की लगेच काढायचा. मनावरचं ओझं उतरलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज मागणी लिहिली. पाच नग सतरंजीवर मांडून शिवकन्या वही घेऊन समोर बसली. मी म्हणालो, "मोतिया नव्वद, काळा तीस, तांबडा तीस."

"नुसतं तोंडानं नका सांगू अप्पा. बोट ठिवून सांगा. नव्वद हेच का?"

"व्हय. हेच." मी मोतियावर हात ठेवला. तिनं माझ्या हाताकडे बघितलं, मग वहीत लिहिलं, मग पुन्हा हाताकडे बघितलं. तिचा चेहरा उतरला होता. माझ्यावर विश्वास ठेवून बसलीय पण मनातून भ्यायलीय, दुसरं काय. मी तर तिच्याहून जास्त भ्यायलोय, फक्त बापाला ते दाखवता येत नाही.

८ मार्च, शनिवार

माल आला. खोक्यांवर नुसते आकडे छापलेत. मी एक खोकं फोडून बघितलं. मोतिया, अगदी मोतिया. दुकानाच्या पूजेला गुरुबाईनं विभूती लावली, शिवशरणप्पा स्वतः येऊन नारळ फोडून गेले. दिवसभरात दोन नग गेले.

१६ मार्च, रविवार

सहा गेले, फक्त सहा! पोरांच्या परीक्षा आहेत, कुणी आई-बाप आत्ता गेम घेणार आहे का, हे मला आधी सुचायला हवं होतं.

आज शिवकन्येच्या दुकानात बसलो होतो. हुमनाबादचे नवरा-बायको आले, बाई म्हणाली, "पांढरा हाय का?" मी प्रामाणिकपणे सांगितलं, "पांढरा न्हाई ताई, मोतिया हाय." दोघं एकमेकांकडे बघत निघून गेली. शिवकन्या आतून धावत आली, पण ती दोघं रस्ता ओलांडून गेली होती. "अप्पा, तुमी आत बसा," एवढंच म्हणाली. मी आत बसलो. पाच मिनिटांनी मला चहा सांगायला पाठवलं, मग घरी.

पांढराच मागवायला हवा होता का? पण त्यांनी पांढरा नमुना पाठवला तरी कुठे होता?

२८ मार्च, शुक्रवार

एकूण अकरा. आज दुपारी जेवायला घरी आलो तर मागच्या दारी मायलेकी बोलत होत्या. शिवकन्या म्हणत होती, "अप्पाला आत्ताच कळू दिऊ नको अव्वा. जीवाला लावून घेतेत." मला बघून शिवकन्या आत निघून गेली. गुरुबाई म्हणाली, "कामून आलाव लवकर?" रोज याच वेळेला येतो.

माल जात नाही, हेच लपवतायत. नव्वद मोतिया. माझ्या एका शब्दावर.

३ एप्रिल, गुरुवार

हे लिहायला नको वाटतंय. काल कमलनगरच्या लग्नाच्या बस्त्यात नवरीच्या हिरव्या शालूचा गठ्ठा मी स्वतः बांधून दिला. चन्नम्मा काल आली नव्हती. आज सकाळी जीपनं आठ माणसं परत आली. नवरीच्या आत्यानं गठ्ठा गादीवर सोडला आणि शालू उलगडला. "ह्यो हिरवा हाय व्हय? हळदीच्या दिवशी आमची पोरगी निळा नेसंल का?"

मी शालू बघितला. मला तो हिरवाच दिसत होता. सगळं दुकान म्हणत होतं निळा. दिव्यांचं कारण द्यायला तोंड उघडलं, तर आत्यानं शालू दारात उन्हात नेऊन धरला होता. मला उन्हातही हिरवाच दिसला. शिवशरणप्पांनी हात जोडले, दुसरा शालू दिला, सगळ्यांना चहा पाजला. माणसं गेल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "धोंडप्पा, चार दिवस घरी आराम करा." अडतीस वर्षांत त्यांनी मला कधी घरी पाठवलं नव्हतं. लाज वाटली, फार लाज वाटली.

७ एप्रिल, सोमवार

घरात बसवेना म्हणून खाजाकडे गेलो. तो फॉल लावत होता. म्हणाला, "चाचा, वो हरी रील देना." मी दिली. त्यानं परत ठेवली. "हरी बोला मैं." दुसरी दिली. मग तिसरी. त्यानं मशीन थांबवलं.

"चाचा, मैं दो महिने पहलेइच बोला था ना, मोतिया है करके. अब तक निकलवाए नहीं?"

"निघालेत की. नव्वद मागवले."

"नव्वद क्या?" खाजा माझ्याकडे बघतच राहिला. "आँख का बोला मैं, चाचा. तुम्हारे आँख का मोतिया. मेरी अम्मी को भी वैसाइच था बोला ना."

मी तिथेच ओट्यावर बसलो. आम्ही मोतीबिंदू म्हणतो, ते लोक त्याला मोतिया म्हणतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण साडीवाल्याच्या कानाला मोतिया म्हणजे रंगच. खाजा पाणी घेऊन आला. त्याचे डोळे भरले होते, आणि मला त्याच्या डोळ्यांचा रंगसुद्धा धड सांगता आला नसता.

तीच तारीख, संध्याकाळ

मागची पानं काढून वाचली. मोतिया जर माझ्याच डोळ्यात असेल, तर मी ज्याला मोतिया म्हणालो तो मोतिया नव्हताच. आणि ज्याला पिवळा म्हणालो, तो खरा मोतिया असणार. त्या पिवळ्याला चोवीस बायकांपैकी एकीनंही हात लावला नव्हता, हे मीच माझ्या हातानं लिहून ठेवलंय. शिवकन्येनं वहीत माझा शब्द लिहिला असेल, तर कुणालाच नको असलेले नव्वद नग तिच्या दुकानात पडून आहेत.

गुरुबाईला डोळ्यांचं सांगितलं. ती रडली आणि मग म्हणाली, उमरग्याच्या डॉक्टरची चोवीस तारीख मायलेकींनी मार्चमध्येच घेऊन ठेवली होती, मला कसं सांगावं तेवढं कळत नव्हतं. मालकांनीही त्यांना दोनदा फोन केला होता. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. चन्नम्माला, खाजाला, सगळ्यांना! मीच एकटा दिव्यांवर राग काढत बसलो होतो.

नव्वद नगांचं मात्र मी तिला विचारलं नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

परीक्षा संपल्या. शिवकन्या रोज अंधार पडल्यावर थकून येते. विचारलं तर म्हणते, "विकायलेत अप्पा, तुमी नका काळजी करू." किती, ते सांगते. काल बावन्न झाले म्हणाली. कोणते, ते मी विचारत नाही. विचारलं आणि ती "तांबडे आन् काळे" म्हणाली तर? तिच्या दुकानासमोरून दोनदा गेलो. फळीवर मला सगळं मोतियाच दिसतं, आता त्यावर विश्वास कसा ठेवायचा? आत न जाता परत आलो.

आणि दुसरी एक गोष्ट मनातून जात नाही. या दोन वर्षांत किती बायका माझ्या शब्दावर साडी घेऊन गेल्या असतील, घरी जाऊन रंग बघून गप्प बसल्या असतील. धोंडप्पा चुकणार नाही, म्हणून स्वतःच्याच डोळ्यांवर त्यांनी संशय घेतला असेल.

२३ एप्रिल, बुधवार

उद्या उमरगा. आधी उजवा डोळा. गुरुबाईला ऑपरेशनची भीती वाटतेय. मला ऑपरेशनची नाही, नंतर काय दिसेल त्याची वाटतेय. बसव जयंतीला सात दिवस उरलेत. आज एकोणऐंशी, म्हणाली शिवकन्या. काळे तीस आणि तांबडे तीस मिळून साठच होतात, एवढा हिशेब मला येतो. पण मागणी मी सांगितली तशीच गेली होती हे तरी कशावरून?

२५ एप्रिल, शुक्रवार

पट्टी काढली. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "काय दिसतंय काका?" त्यांच्या अंगावरचा कोट दिसत होता. इतका पांढरा कोट मी किती वर्षांत बघितला नव्हता. मागं गुरुबाई उभी. तिची ही साडी मी उदी समजत होतो, ती जांभळी निघाली. केस मला वाटले होते त्याहून खूप पिकलेत. मी बघत राहिलो तशी ती लाजली आणि म्हणाली, "असं काय बघायलाव?"

मग मी खाली माझ्या धोतराकडे बघितलं. ते निळं होतं. थोडंथोडकं नाही, चांगलं आभाळासारखं निळं. तीन महिने मी असं धोतर नेसून अख्ख्या बाजारातून मिरवत होतो. "अगं सांगायचं तरी!" म्हटलं तर गुरुबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. "तुमीच म्हनायलाव नीळ कमी पडली, नीळ कमी पडली. रोज एक टोपन वाढवायले मी." डॉक्टरीण बाईसुद्धा हसल्या. येताना बसमध्ये आम्ही दोघं अधूनमधून हसतच होतो, आणि मधेच मला नव्वद नग आठवले की हसू थांबत होतं.

२६ एप्रिल, शनिवार

डॉक्टरांनी काळा चष्मा दिलाय, ऊन टाळा म्हणालेत. तरी सकाळी आधी शिवकन्येच्या दुकानात गेलो. ती गिऱ्हाईक बघत होती. मी आत शिरलो, चष्मा काढला आणि फळीकडे बघितलं.

पांढरे. फळीवर ओळीनं पांढरे नग होते, विभूतीसारखे पांढरे. उजवा डोळा झाकला, डाव्यानं बघितलं तर मोतिया. डावा झाकला, उजव्यानं बघितलं तर पांढरे. असं मी किती वेळा केलं कुणास ठाऊक. समोरचं गिऱ्हाईक बिचकून माझ्याकडे बघायला लागलं.

ते गेल्यावर विचारलं, "हे पांढरे कुठून आले?"

"तुमीच मागवलाव."

"मी मोतिया म्हनलो होतो. तू लिवून घेतलीस."

"तोंडानं मोतिया म्हनलाव अप्पा," शिवकन्या म्हणाली, "हात पांढऱ्यावर होता. तुमीच सांगितलाव न्हाई का, तोंडाकडं बघू नको म्हनून. म्या हात लिवून घेतला."

मग तिनं ती वही काढून दाखवली. पांढरा नव्वद, काळा तीस, तांबडा तीस. त्यापुढं तिनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'अप्पा म्हणतात मोतिया.' माझ्या गादीवर बायकांचे पंधरा हात खरंच पांढऱ्यावर पडले होते. मोजलं बरोबर होतं, बघितलं बरोबर होतं, नाव तेवढं चुकलं होतं.

"मग तवाच कामून सांगितली न्हाईस?"

ती नगाची धूळ पुसत राहिली. "तुमाला रंग दिसत न्हाई, असं तुमच्या तोंडावर कसं सांगू अप्पा? लहानपनी माझ्या फ्रॉकचा रंग बी तुमीच सांगायचाव मला." मी तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि उरलेले नग पुसायला लागलो.

२९ एप्रिल, मंगळवार

शंभरावा नग आज दुपारी गाणगापूरच्या एका पुजाऱ्यांच्या घरी गेला. आजोबा नातवंडांसाठी घ्यायला आले होते, तोंडानं काळा मागत होते. शिवकन्येनं काळा आणि पांढरा, दोन्ही समोर ठेवले आणि त्यांच्या हातांकडे बघत उभी राहिली. थोड्या वेळानं तिनं पांढरा बांधून दिला. मी आतून बघत होतो. माझीच पद्धत, पण माझ्यापेक्षा धीर जास्त.

एजन्सी राहिली. कंपनीचा फोन आला तेव्हा गुरुबाईनं देवापुढं साखर ठेवली.

२ मे, शुक्रवार

शिवशरणप्पांनी परत बोलावलं. गादीवर बसायच्या आधी मी चन्नम्माला म्हटलं, "अक्का, तू हितंच बस. माझा डावा डोळा अजून व्हायचाय." ती म्हणाली, "मी कुठं उठायलेय?" मग कमलनगरच्या त्या घरी फोन लावून आत्याबाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, लग्न छान झालं, पोरीला हिरवा फार खुलला. तरी फोन ठेवल्यावर थोडा वेळ साडी उलगडायला हात उचलला नाही.

खाजाला नवं पांढरं धोतर दाखवलं. म्हणाला, "आसमान अच्छा था, चाचा."

४ मे, रविवार

कंपनी दुसरी खेप पाठवतेय, तीनशे नग. शिवकन्येनं पुन्हा तेच पाच नमुने सतरंजीवर मांडले आणि वही घेऊन बसली. आधी दिसत नव्हतं तेव्हा कसं ठामपणे बोट ठेवलं होतं, आणि आता दिसतंय तर काहीच सांगता येईना. पांढरा पुन्हा चालेल का? पांढऱ्यावर डाग पडतात अशी कुरकुर एक-दोघांनी केलीय. तांबडे आठ उरलेत. मोतिया तर कुणी विचारतच नाही. चूक झाली तर या वेळी डोळ्यांवर ढकलता येणार नाही.

"पोरी, मला न्हाई सांगता यायचं," मी म्हटलं. "तूच ठरीव."

तिनं पेनाचं टोपण काढलं. मी नगांकडे बघत राहिलो. मी ज्याला दुसरा काळा म्हणत होतो, तो निळा नग तिथंच होता. इतका गर्द, इतका खरा निळा मी दोन वर्षांत बघितला नव्हता, आणि हा रंग पाठवलाच नाही म्हणून मी कंपनीला नावं ठेवली होती. आता काळा चांगला की पांढरा, असं काहीतरी बोलावं म्हणून मी तोंड उघडलं. तेवढ्यात शिवकन्येचं पेन चालायला लागलं. मी खाली बघितलं तर माझा हात निळ्यावर होता.